काळी लोकर, पांढरी लोकर

९ जानेवारी १९५६, बारामती

सर्जेरावाचं स्थळ परत आलं. अकरा वर्षांनी. मधल्या सुट्टीत द्वारकाबाईंनी मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेऊन सांगितलं तेव्हा माझ्या हातात खडू होता, तो मोडला. द्वारकाबाई माझ्याच कन्याशाळेत शिकवतात आणि माझ्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहतात. त्यांच्या नात्यातलं कुणी इंदापूरकडे आहे, त्यांच्यामार्फत निरोप आला. सर्जेरावाची बायको दोन वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही, कालव्याखाली बागायत आहे, आणि "तीच मुलगी अजून मोकळी असेल तर" त्याची तयारी आहे.

मोकळी म्हणे! जशी काही मी दावं सोडलेली गाय.

पण मला राग सर्जेरावाचा आला नाही. आठवला तो म्हस्कूमामा. आईचा सख्खा भाऊ. मी सोळा वर्षांची होते. सुपारी फुटली होती, आईनं हिरवं लुगडं घेऊन ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर सर्जेराव मला आवडला होता. तेवढ्यात सुप्याजवळच्या आमच्या वस्तीवर बिरोबाची जत्रा आली. म्हस्कूमामा तिथे दरवर्षी होईक सांगतो, म्हणजे पुढच्या सालाचं भाकीत: पाऊस कसा, मेंढरांवर रोग येईल का, बाजरी पिकेल का. त्या वर्षी ढोल थांबले, भंडारा उधळला गेला, मामानं डोळे मिटले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "सारजा त्या घरात नांदायची न्हाय." एवढंच बोलून तो लगेच बाजरीकडे वळला.

आठवड्याच्या आत सर्जेरावाच्या घरचे सुपारी मोडून गेले. देवच बोलला म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? त्यानंतर मला कुणी मागणी घातली नाही. आई झुरून झुरून गेली. मी शिकले, मास्तरीण झाले, ते हौसेनं नव्हे. दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणून.

आज मला एक गोष्ट लख्ख दिसली. मामाचं होईक खोटं पाडायचं असेल तर मला एवढंच करायचं आहे: त्या घरात नांदायला जायचं.

१५ जानेवारी

एस.टी.नं सुप्याला उतरून माळावरून चालत वस्तीवर गेले. संक्रांतीचा तिळगूळ नेला होता. तो ठमाबाईला दिला, मामाला दिला नाही. ठमाबाई मामाची शेजारीण आणि वस्तीतली सगळ्यांत म्हातारी. तिचा शब्द कुणी मोडत नाही.

मामा अंगणात लोकर पिंजत बसला होता. आता मेंढरं थोडीच उरलीत. लोक शेतीला लागले, पोरं माळेगावच्या साखर कारखान्याच्या कामावर जायला लागली. पण ऊस लावावा की नाही हे विचारायला मात्र अजून मामाकडेच येतात.

"सर्जेरावाचं स्थळ आलंय," मी उभ्या उभ्याच म्हटलं. "मी होकार देणार. तुमचं होईक खोटं पडणार."

त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. "दे की."

"मग तुमच्या देवाचं काय?"

"देवाचं देव बघंल. त्यो काय माज्या जिवावर बसलाय व्हय?"

मला तो संतापायला हवा होता. घाबरायला हवा होता. नुसतं लग्न करून भागणार नाही हे मला तिथेच कळलं. लोक म्हणतील, देवानं माफ केलं, दोष सरला. त्यांच्याकडे उत्तर तयारच असतं. मला मामा जत्रेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खोटा पडलेला पाहिजे. मी म्हटलं, "माणूस पुढं काय करणार ते तुम्हाला खरंच आधी कळतं ना? मग माझ्यावर दाखवा."

"डाव मांडायचा? पयल्यासारका?"

लहानपणी तो माझ्याशी हा डाव खेळायचा. काळ्या नाहीतर पांढऱ्या लोकरीचा पुंजका गुपचूप ठमाबाईच्या पानाच्या चंचीत घालायचा आणि मग मला विचारायचा, काळी का पांढरी? माझ्या तोंडून जो रंग निघे तोच चंचीतून निघे. तेव्हा मला ती जादू वाटायची. आता मला त्यातली गोम शोधायची आहे. दर रविवारी एकदा, ठमाबाईच्या साक्षीनं, असं ठरलं. ती हातचलाखी करू द्यायची नाही.

२२ जानेवारी

काळी म्हणाले. काळी निघाली. रंग दोनच आहेत, एकदा जुळलं त्यात नवल काय!

५ फेब्रुवारी

मागच्या रविवारी मुद्दाम पुन्हा काळीच म्हणाले, कारण मामाला वाटलं असणार की मी बदलेन. काळीच निघाली. म्हणून आज वाटेत नीट विचार केला. मामा समजेल की ही हट्टानं काळीलाच चिकटली आहे, तेव्हा पांढरी म्हणावं. मग वाटलं, मी असा विचार करेन हेही तो ओळखणार, तेव्हा काळी. मग हेही तो ओळखणार. सुप्यापासून वस्तीपर्यंत इतक्यांदा रंग बदलला की डोकं ठणकायला लागलं. शेवटी तोंडातून पांढरी निघालं.

ठमाबाईनं आपल्या लाल मण्यांच्या चंचीत दोन बोटं घालून पांढरा पुंजका काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मामा हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं.

१२ फेब्रुवारी

आज पुन्हा हरले आणि पुरती भडकले. माझ्या तोंडून शाळेतली भाषा गेली आणि गावचीच बोली आली. "कसं करतोस रं मामा? सांग, न्हायतर हितनं हलायची न्हाय!"

तो म्हणाला, "त्यात काय अवघड हाय? तू माळावरनं चालत येतीस ती लांबनं दिसती. रागात असलीस की पदर खोचून ताडताड येतीस, तवा आदीचाच रंग धरून बसतीस. इचारात असलीस की थांबत थांबत येतीस, तवा बदलतीस. तू बांधाला पोचायच्या आदीच मी लोकर घालून मोकळा."

"आणि होईक?"

तो लोकर विंचरत म्हणाला, "ते बी तसंच. मानसांकडं बघायचं, जनावरांकडं बघायचं, वाऱ्याकडं बघायचं. लोकं म्हनत्यात देव बोलतो. म्हनू द्यात."

परतीच्या एस.टी.त सगळी वाट तेच डोक्यात घोळत होतं. त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं! त्या जत्रेत देव बोललाच नव्हता. हा बोलला होता. अकरा वर्षं मी देवासमोर हात जोडून विचारत होते की माझं काय चुकलं, आणि देवाला बिचाऱ्याला त्यातलं काही ठाऊकच नव्हतं. देवाशी वैर धरता येत नाही. माणसाशी धरता येतं. आता मला कसलीही अडचण नाही.

२६ फेब्रुवारी

आज मी त्याला हरवलं. आमच्या शाळेतल्या पोरी चिंचोके फोडून त्यांच्या अर्ध्या फाकांनी खेळतात. एक बाजू काळपट, चकचकीत, दुसरी पांढरी. त्यातली एक फाक घेऊन गेले. वाटेत कसलाच विचार केला नाही, चालू दिलं पायांना. पोचल्यावर अंगणात चिंचोका उडवला आणि जो रंग वर पडला तो सांगितला. एकाच बैठकीत पुष्कळ डाव खेळलो. मामा कधी जुळला, कधी चुकला, चुकलाच जास्त. ठमाबाई दर वेळी पुंजका काढून जमिनीवर ठेवत होती, आणि मी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"झालं समाधान?" मामा म्हणाला. "पर चिंचोक्याचं होईक सांगतो असं मी कवा म्हनलं? त्यो काय इचार करतोय? सारजे, तू हाईस कुठं ह्यात?"

ठमाबाई हसता हसता खोकायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी आल्यावर द्वारकाबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे जिंकलं कोण? चिंचोका?"

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. विचार करून निवडलं तर माझा विचार बाहेरून दिसतो, आणि मामा पकडतो. चिंचोक्यावर सोपवलं तर मामाला दिसत नाही, पण मग निवडलं मी कुठं? या दोहोंच्या मध्ये माझं असं काही आहे की नाही? द्वारकाबाई रोज संध्याकाळी दाराशी येऊन "चहा टाकू का?" विचारतात आणि मी रोज "टाका" म्हणते. हे भिंतीलासुद्धा आधी कळत असेल. तरी तो होकार माझा नाही असं मला कधी वाटलेलं नाही.

जाऊ दे. चहाची गोष्ट वेगळी आणि वैराची वेगळी.

११ मार्च

द्वारकाबाईंना बरोबर घेऊन सर्जेरावाचं घर बघून आले. इंदापूरच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला. डाळिंबाची बाग, वांग्याचे वाफे, नवी मोट. माणूस सुटला आहे, पण मिशा तशाच आहेत.

तो आम्हाला आणायला गाडी घेऊन रस्त्यावर आला होता. बैलांच्या पुठ्ठ्यांवर पराणी टोचल्याच्या खुणा होत्या, जुन्या व्रणांवर नवे व्रण, आणि एक ओला. त्यावर माश्या बसत होत्या. मी पाहतेय हे बघून तो म्हणाला, "जनावराला धाक पायजे. न्हायतर डोक्यावर बसतं."

ओसरीवर बसल्यावर त्यानं चहा सांगितला, तर त्याची म्हातारी आई इतक्या घाईनं उठली की कपबशी तिच्या हातात वाजायला लागली. मी त्याच्या पहिल्या बायकोची चौकशी केली. "भागूबाई? हिरीवर पाय घसरला," तो म्हणाला. "हलगर्जी बाई व्हती." शाळेचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "नोकरी सुटंलच की आता. आमच्यातल्या बाया खुर्चीवर बसत न्हाईत."

मी म्हटलं, चालेल.

बारामतीच्या स्टँडवर माझा दंड धरून द्वारकाबाई म्हणाल्या, "सारजाबाई, नको."

"मला त्याच्यासाठी लग्न करायचंच नाही," मी म्हटलं. "मला मामाचा सूड घ्यायचाय."

"सूड मामाचा, आणि जन्मभर भाकरी याची थापायची?"

त्यांना कळायचं नाही. त्यांची सुपारी कुणी मोडली नव्हती.

त्या बैलांवरून एक आठवलं. माझी सुपारी फुटली त्या दिवशी मामा पंगतीला बसला नव्हता. पाहुण्यांच्या गाड्या सोडल्या होत्या तिथे बैलांजवळ दिवसभर बसून राहिला होता. आई किती चिडली होती! आजच हे का आठवावं, कोण जाणे.

१८ मार्च

शेवटचा डाव लावून आले. वस्तीतली चार माणसं जमवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं: जत्रेच्या दिवशी मी देवळासमोर जाहीर करणार, सर्जेरावाच्या घरी जाते की नाही. पांढरी म्हणजे जाते. काळी म्हणजे जात नाही. चिंचोका नाही, काही नाही, माझ्या मनानं. मामानं आजच लोकर चंचीत घालायची, चंची शिवायची, ती जत्रेत ठमाबाईनं उसवायची. मामा चुकला तर त्यानं होईकाची काठी देवापुढे ठेवायची आणि जन्मात पुन्हा उचलायची नाही.

"बरं," मामा म्हणाला. त्याचा खोकला वाढलाय. भिंतीला टेकून बसला होता. "सारजे, एक इचारू का? तुला त्यो मानूस आवडतो?"

मी म्हटलं, "हे विचारायची वेळ अकरा वर्षांमागं होती."

त्यानं मान खाली घातली. मला फार बरं वाटलं. खरंच सांगते, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग तो ठमाबाईच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. ती घरात गेली आणि लाल मण्यांची चंची ठेवून एक जुनी, विटलेली, कोपऱ्यात फाटलेली चंची घेऊन आली. म्हातारी चिक्कू आहे. माझ्या जन्माचा निकाल लागायचा आणि त्याला फाटकी चंची! मामानं पाठ फिरवून आत लोकर घातली, ठमाबाईनं तिथेच दोऱ्यानं तोंड शिवलं.

मी पांढरी म्हणणार. मामाला ठाऊक आहे मी सूडानं पेटले आहे, तेव्हा त्यानं पांढरीच घातली असेल. मग काळी म्हणावं? पण काळी म्हटलं तर अकरा वर्षांपूर्वीचं होईक खरं होतं! म्हाताऱ्यानं मला दोन्हीकडून कोंडलं आहे.

८ एप्रिल

मामा शुक्रवारी गेला. सकाळी मेंढरं सोडायला उठला, मेंढवाड्याच्या कुंपणाशी बसला, तो बसलाच. रावजी निरोप घेऊन शाळेत आला, वस्तीतला शेजारी. ऐकल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "आत्ताच?"

मला रडू आलं नाही. चीड आली. जत्रा तोंडावर आली असताना हा गेला. ज्याला सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावायची तो माणूसच निघून गेला, तेही कुणाच्या हाती न लागता, ऐटीत. अशी पळवाट काढणं त्याच्याच स्वभावाला शोभतं.

रावजी म्हणाला, "चंची ठमाबाईपाशी हाय. लोकं म्हनत्यात, म्हस्कूतात्याचं शेवटचं होईक त्याच्यातच हाय."

१५ एप्रिल

आज मामाचा दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. माझ्याविषयी त्याची काही इच्छा राहिली नव्हती वाटतं.

घाटावरून परतताना ठमाबाई माझ्याबरोबर मागे राहिली. तिला मी इंदापूरच्या बैलांबद्दल सहज सांगितलं. ती थांबलीच.

"त्याच्याच बैलांच्या पाठी बघून त्यो त्या दिशी जेवला न्हाय," ती म्हणाली. "तुज्या आयला सांगाय गेला, हितं पोरगी देऊ नगं म्हनून. ती म्हनली, तुला मेंढरं-बैलांच्या म्होरं काय दिसतं का? पावन्याची बागायत बग. मानसाचं कुनी ऐकंना, म्हून मग देवाच्या तोंडानं बोलला."

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. ठमाबाईला वाटलं मी निवळले. निवळले नाही. उलट आत काहीतरी भडकलं.

मग मला का नाही सांगितलं? आईला सांगितलं, देवाला सांगितलं, सगळ्या जत्रेला सांगितलं. एका माणसाला तेवढं नाही. मला हाताला धरून त्या गाडीपाशी न्यायचं होतं. सोळा वर्षांची असले तरी मला डोळे होते. बैलांच्या पाठी मलाही दिसल्या असत्या. कदाचित मीच नाही म्हटलं असतं. कदाचित मिशांना भुलून हो म्हटलं असतं आणि भोगलं असतं. जे काही झालं असतं ते माझं झालं असतं.

मी काय निवडीन हे त्याला बरोबर ओळखता येत होतं, म्हणून त्यानं मला निवडूच दिलं नाही. हा त्याचा गुन्हा. तो बरोबर होता म्हणून गुन्हा कमी होत नाही, उलट जास्तच होतो. चुकला असता तर निदान क्षमा करता आली असती.

२० एप्रिल

परीक्षेचे पेपर तपासायचे पडलेत आणि माझं चित्त त्या चंचीत. लोकर आत आहे. काळी आहे नाहीतर पांढरी आहे. घालणारा गेला. मी आता काहीही ठरवलं तरी तिचा रंग बदलणार नाही. म्हणजे मी तिचा विचार न करता खुशाल ठरवावं. हे मला पाटीवर लिहून सिद्ध करता येईल. तरी प्रत्येक वेळी ठरवायला बसले की मनात पहिल्यांदा येतं ते हेच: त्यानं काय घातलं असेल?

पांढरी म्हटलं आणि काळी निघाली, तर मी जिंकले. मेलेल्या माणसाला खोटं पाडलं, आणि बक्षीस म्हणून सर्जेराव मिळाला. काळी म्हटलं आणि काळी निघाली तर लोक मामाचं देऊळ बांधतील. पांढरी म्हटलं आणि पांढरी निघाली तर मी हरले ती हरले, वर सर्जेराव आहेच. आणि काळी म्हटलं नि पांढरी निघाली, तर डाव माझा, पण जुनं होईक तरी त्याचंच खरं.

द्वारकाबाईंनी विचारलं, "लोकर नसतीच तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

मी म्हटलं, "चहा टाका."

२४ एप्रिल, वस्तीवर

सगळं झालं. ठमाबाईच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. जत्रेची माणसं अजून पांगली नाहीत.

ढोल वाजले, गजी नाचाचे फेर झाले, भंडाऱ्यानं माळ पिवळा झाला. पण होईक सांगायला कुणी उभं राहिलं नाही. मामाची काठी देवळाच्या खांबाला टेकवून ठेवली होती. सगळे चंचीची वाट बघत होते. ठमाबाई पायरीवर बसली होती आणि चंची तिच्या मांडीवर. सर्जेराव पुढच्याच रांगेत, नवा फेटा बांधून. त्याच्या मागे, गर्दीच्या कडेला, त्याची गाडी सोडलेली.

मी पुढे झाले. पांढरी म्हणायचं ठरवूनच गेले होते. सकाळपासून तोंडात तोच शब्द घोळवत होते.

तेवढ्यात सर्जेराव म्हणाला, "तिला काय इचारायचंय? चंची उसवा की. म्हस्कूतात्यानं काय घातलंय ते बगू. देवानं मागं न्हाय म्हनलं, आमी गप बसलो. आता व्हय म्हनत आसंल तर लगीच गाडी जुपतो."

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणालाही, एकालाही, त्यात काही गैर वाटलं नाही. पुन्हा तेच! अकरा वर्षांपूर्वी मी मागच्या रांगेत हिरव्या बांगड्या घालून उभी होते आणि माझं पुढे बसलेल्यांनी परस्पर ठरवलं होतं. आज मी पुढे उभी होते, तरी ते परस्परच ठरवत होते.

मी ठमाबाईच्या मांडीवरची चंची उचलली. देवळासमोर नारळाच्या शेंड्या आणि कापूर जळत होता. त्यात टाकून दिली.

कुणीतरी ओरडलं. रावजी काठीनं ती बाहेर ओढायला धावला. मी मामाची होईकाची काठी उचलून आडवी धरली आणि म्हटलं, "पुढं या बघू कोण येतंय." कुणी आलं नाही. जुनं फडकं, भुरकन पेटलं. मग जळक्या लोकरीचा वास सुटला. काळी जळली तरी तोच वास येतो, पांढरी जळली तरी तोच.

"आता ऐका," मी म्हटलं. "मी यांच्या घरी जाणार नाही. मामानं सांगितलं म्हणून नाही आणि मामाला खोटं पाडायचं म्हणूनही नाही. मला जायचं नाही म्हणून."

"म्हंजी म्हस्कूतात्याचं त्या साली सांगितलेलं खरंच झालं की," गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं.

होऊ दे खरं. एका मेलेल्या माणसाला खोटं ठरवण्यासाठी मी माझं जितं आयुष्य त्या ओसरीवर नेऊन टाकू? सर्जेराव फेटा सावरत उठला, गाडी जुंपली, आणि जाता जाता राग काढायचा तो बैलांवरच काढला. सगळ्या जत्रेनं पाहिलं. मीही पाहिलं.

काठी मी देवापुढे ठेवली. मामा चुकला असता तर जिथे ठेवायची असं ठरलं होतं तिथेच. सूड पुरा झाला. त्याचं शेवटचं होईक आता कुणालाही, कधीही कळणार नाही. त्याला कसंही करून मला एकदा पेचात पकडायचं होतं, तेवढं मी त्याला मिळू दिलं नाही.

२९ एप्रिल

आईनं माझ्या लग्नासाठी ठेवलेलं हिरवं लुगडं ट्रंकेत होतं. त्याचा पदर कापून एक चंची शिवली, काठ वरच्या बाजूला घेतला, आणि आज ठमाबाईला नेऊन दिली. तिची मी जाळली होती, भरून द्यायला नको?

ती चंची उलटसुलट करून बघत म्हणाली, "ब्येस हाय. पर ह्याची काय गरज व्हती? माजी चांगली चंची हाय की." आणि कमरेची लाल मण्यांची काढून दाखवली.

मी म्हटलं, "मग त्या दिवशी ती फाटकी का आणलीत?"

"म्हस्कूच म्हनला माज्या कानात. 'आक्का, ही नगं घालू. जुनी असंल ती आन. ती काय तुला माघारी मिळायची न्हाय.'"

मी तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग लोकर कुठल्या रंगाची होती ते विचारलं, तर म्हणाली, "मी कशाला बघू? त्यो बी न बघताच घालत व्हता."

म्हातारीचं वय झालं आहे. तिला नीट आठवत नसणार. दोन दिवसांमागचं बोलणं ती विसरते, मग दीड महिन्यापूर्वीचं कुठून लक्षात राहील? हे मी द्वारकाबाईंनाही पटवून सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारायला वस्तीवर जाणार नाही, असंही सांगितलं. मला त्या विषयात आता काडीचाही रस नाही.

द्वारकाबाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "सकाळची एस.टी. धरा. दुपारी ऊन फार असतं."